मुंजाचं बिऱ्हाड

एस.टी.त भुताचं अर्धं तिकीट काढणारा माणूस अख्ख्या भारतात एकच होऊन गेला, आणि तो दमणकडच्या आमली गावात, चाळीत माझ्या भिंतीपलीकडे राहत होता.

दगडूआप्पा धुळ्याकडचे. आमलीजवळच्या सायली गावात धाग्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा गावच्या पिंपळाचं रोप डालड्याच्या डब्यात घालून घेऊन आले. रोपाबरोबर त्यातला मुंजाही आला, असं त्यांचं ठाम म्हणणं.

"एक फुल, एक हाफ," ते कंडक्टरला म्हणाले.

"पोरगं कुठंय?"

"डब्यात."

कंडक्टरने वाकून डब्यात पाहिलं आणि घाम पुसत तिकीट फाडलं. नाशिकपर्यंत एक पैलवान उभ्याने आला, पण आप्पांनी शेजारची जागा सोडली नाही.

मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधीच गेलेलं पोर. "त्याची सोडमुंज राहिली, माझं लग्न राहिलं. दोघं सारखेच अडकलोय, भो!" असं म्हणून आप्पा असे हसत की पत्र्यावरची कबुतरं थेट दमणला जाऊन बसत.

मी वाचनालयातून भुताखेतांचं पुस्तक आणलं की ते नाक मुरडत. "ह्यातली भुतं बिनकामाची, भो. पांढरं नेसून नुसती उभी! आमचा मुंजा बघ, नळाला पाणी यायच्या आधी पान हलवून सांगतो." आणि खरंच सांगायचा. वारा औषधालाही नसताना एकच पान हललं, की सगळी चाळ बादल्या घेऊन धावायची. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, माझी बादली भरलेली असायची.

चाळीच्या पाण्याच्या टाकीमागे लावलेला तो पिंपळ वाढता वाढता पत्र्याच्या वर गेला आणि मुळांनी टाकीची भिंत फोडली. चाळीचे मालक शेठ म्हणाले, "आप्पा, पीपळो काढवो पडशे. टाकी गेली तर पाणी कोण देणार, तुमचा मुंजा?"

"दुसरी टाकी बांधा!" आप्पा गरजले. पण बायकाही शेठच्या बाजूने गेल्या. पाणी गळायला लागल्यावर मुंजाला कोण विचारतं?

झाड तोडायला सुरंगी गावाहून आदिवासी लखमाकाका कुऱ्हाड घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी बुंध्याशी तांदूळ ठेवले आणि विचारलं, "इथं राहतो कोन? पहिलं त्याला दुसरं घर द्या, मंग कुऱ्हाड."

"मुंजा आहे," शेठ म्हणाले. "आप्पांनी महाराष्ट्रातून आणलाय."

"मंग आमच्या झाडांत नाय मावायचा. तिथं आमचेच दाटून बसलेत."

चाळ खो खो हसली. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. ते खोलीकडे गेले, दार सताड उघडून परत आले आणि पिंपळाशी उकिडवे बसले. यंत्रांच्या खडखडाटावर ओरडायची सवय असलेला हा माणूस, पण आवाज इतका हळू, की मला पुढे सरकावं लागलं.

"चल बाळा. आपल्याकडे जागा आहे."

त्यांनी हात पुढे केला आणि निघाले. लहान पोराच्या चालीने, जरा वाकून. उंबऱ्याशी थांबले, त्याला आधी आत जाऊ दिलं. लखमाकाकांनी कुऱ्हाड अजून उचलली नव्हती.

दार लोटता लोटता आप्पा मला म्हणाले, "भो, रेडिओ जरा हळू लावत जा. त्याला सवय नाही."

मी घरात जाऊन रेडिओ बंदच केला. भिंतीपलीकडे आप्पा त्याला खोली दाखवत होते, "हा माठ. ही खिडकी, इथून रस्ता दिसतो. आणि ही खाट तुझी. मी खाली झोपतो."