निरोगी अंगठ्याची साक्ष

वुकाशिनच्या उजव्या पायाचा अंगठा दीड वर्ष दुखला नव्हता, आणि हे सगळं घरी काढलेल्या आंबट चेरीच्या रसामुळे, असं तो गावात भेटेल त्याला ऐकवायचा. निवृत्त स्टेशनमास्तर असल्याने त्याच्या शब्दाला वजन होतं. पूर्वी गाउटचा संधिवात उठला की त्याला पायावर चादरसुद्धा सहन होत नसे. आता हा गडी रोज टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात चढून जायचा. डुकराच्या मटणावर आणि राकिया या फळांच्या दारूवर पोसलेल्या गावातल्या चार-पाच दुखऱ्या अंगठ्यांनी त्याचं ऐकलं नसतं तरच नवल.

शनिवारी सकाळी शेजारची स्तामेना फाटकातूनच बोलत आत आली. त्या दिवशी तिच्या मुलीचं लग्न होतं.

"तुझा रस पिऊन माझा नवरा आडवा पडलाय. तीन महिने गोळ्या बंद आहेत म्हणे. मला आज कळतंय."

वुकाशिन रसाची बाटली घेऊनच धावला. मागून त्याची बायको रादोयकाही निघाली. स्तामेनाचा नवरा दोब्रिवोये नव्या कोटात, एक पाय उशीवर ठेवून बसला होता. अंगठा वांग्यासारखा झाला होता. डॉक्टर सेन्का तो लांबूनच बघत होती, कारण जवळ गेलं की दोब्रिवोये कण्हायचा.

"दुखणं उतरायची गोळी देते," ती म्हणाली. "पण ती आजच्यापुरती. रोजची होती, ती दुखूच नये म्हणून. ती कुणाच्या सांगण्यावरून सोडलीत?"

दोब्रिवोयेने मित्राकडे बोट दाखवलं.

"हे बघा डॉक्टरबाई," वुकाशिन म्हणाला, "मी दीड वर्षात अंगठ्यासाठी एक गोळी घेतलेली नाही."

"घेतोस की," रादोयका म्हणाली. "रोज सकाळी मीच तुझ्या हातावर ठेवते."

"त्या रक्तदाबाच्या."

"एक रक्तदाबाची. दुसरी अंगठ्याची. बाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू तेव्हा त्यांना चेरी कशी पिळायची ते शिकवत होतास."

मग स्तामेनाने वुकाशिनच्या पायांकडे पाहिलं.

"कोलोच्या साखळी-नाचात पुढे वधूचा बाप नाचतो. आता तू नाच. तुझे पाय धड आहेत ना?"

वुकाशिन जन्मात नाचला नव्हता. त्या दिवशी तो शंभर माणसांची साखळी ओढत दोन तास नाचला, तीनदा चुकीच्या दिशेने वळला, आणि वधूच्या नव्या सासूला त्याने टेबलावर नेऊन आदळलं.

सोमवारी तो घरोघर निघाला. "रस प्या, पण गोळी सोडू नका. मीसुद्धा गोळीच घेत होतो, मला ठाऊक नव्हतं," असं त्याने चार घरी सांगितलं. चारही घरांत लोक मान हलवून हसले. डॉक्टरबाईंनी याला दम दिलेला दिसतोय, असं त्यांना वाटलं.

शेवटचं घर टेकडीच्या माथ्यावर, म्हाताऱ्या झिवोरादचं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वुकाशिनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"एवढी चढण चढून आलास, दमसुद्धा लागला नाही तुला," तो म्हणाला. "आणि मला सांगतोस, गोळ्या घेतोस म्हणून? थापा मारू नकोस. चेरी किती घालतोस, ते सांग."