बारा टाके आणि एक उलटा

सोमवारी सकाळी शिंपीमास्तरांनी झाडावरच्या तिसऱ्या पिशवीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कालपर्यंत आत टणक डाळिंब होतं. आज आत काहीतरी मऊ होतं.

दुकान बंद केल्यापासून मास्तरांचा सगळा जीव परसातल्या या एका झाडात होता. झाड त्यांच्या थोरल्या बहिणीने लावलेलं. ताई मागच्या वर्षी गेली आणि यंदा झाड पहिल्यांदाच भरभरून फुललं. मास्तरांनी मन घट्ट करून कळ्या खुडल्या, बारकी फळं काढून टाकली आणि मोजून पाच ठेवली. थोडी, पण नारळाएवढी! येत्या रविवारी बागप्रेमी मंडळाचं प्रदर्शन होतं. ताटात पाच फळं लागतात, चार चालत नाहीत. समोरचे बँकवाले ओळीने चार वर्षं पहिले येत होते. "तुमचं आपलं कात्रीचं काम बरं हो, मास्तर," असं ते कुंपणावरून म्हणायचे. यंदा त्यांचं तोंड बंद करायचंच होतं.

गाठीवर मास्तरांचा भरवसा नव्हता. खारी गाठी कुरतडतात. म्हणून त्यांनी फळांवर मलमलीच्या पिशव्या चढवून तोंडं चक्क शिवून टाकली. बारा बारीक टाके आणि शेवटचा उलटा. या टाक्यावर त्यांचं दुकान तीस वर्षं चाललं. टाका मुळात ताईचा. मास्तर पुढे मापं घेत, कापड बेतत, आणि आतल्या खोलीत ताई हातशिलाई करी. गिऱ्हाइकांना मात्र ते छाती काढून सांगत, "हा हात माझा!"

त्यांनी पिशवी उसवली. आत करड्या लोकरीचा गुंडा होता. ताई विणायची ती लोकर. ती तर तिच्या खोलीतल्या पेटीत होती. आणि पिशवीचं तोंड शिवलेलं होतं. बारा टाके, शेवटचा उलटा.

"अगं, हा टाका दोघांनाच येतो," मास्तर स्वयंपाकघरात येऊन पुटपुटले. "एक मी."

"आणि दुसरं?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी नुसतं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. बायको म्हणाली, "वन्संना डाळिंब आवडायचं खरं," आणि भांडी घासू लागली.

मंगळवारी आणखी एक फळ गेलं. तसाच गुंडा, तसेच टाके. बुधवारी दुपारी मास्तर कात्री घेऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसले. पान हलत नव्हतं. पिशव्या तेवढ्या सावकाश गिरक्या घेत होत्या. मास्तरांचा डोळा लागला तो जेमतेम पाच मिनिटं. जाग आली तेव्हा एक पिशवी मऊ होती. त्यांचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. आठवडाभर लोंबणारं सदऱ्याचं बटण पक्कं बसलं होतं. बारीक टाके. शेवटचा उलटा.

मास्तर धडपडत घरात गेले आणि फोटोपुढे हात जोडून उभे राहिले. "ताई, चुकलो. टाका तुझा, लोकांना माझा म्हणून सांगितला. तीस वर्षं सांगितला. पण उरलेली दोन तरी राहू दे गं!"

शनिवारपर्यंत ती दोन्हीही गेली.

रविवारी बायको सकाळीच कुठेतरी निघून गेली होती. मास्तर रिकाम्या हातांनी प्रदर्शनाला गेले, निदान बँकवाल्यांचं अभिनंदन करून मोकळं व्हावं म्हणून. पहिल्या क्रमांकाच्या ताटापाशी गर्दी होती. ताटात पाच लालभडक डाळिंबं होती आणि कार्डावर त्यांच्या बायकोचं नाव. ते असं छापलेलं त्यांनी लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच पाहिलं. ताटामागे ती स्वतः बसली होती.

"तू?"

"पिकलेलं डाळिंब वाजवलं की खणखणीत वाजतं. चारदा सांगितलं, काढा, नाहीतर तडकतील. तुमचं आपलं एकच, रविवारी सकाळी! एकेक पिकलं तसं काढून ठेवलं."

"पण टाका?"

"वन्संना बारा वर्षांपूर्वीच बारीक टाका दिसेनासा झाला, अहो. त्यानंतरचे कोट आतल्या खोलीत कोण शिवत होतं? त्यांनीच शिकवलं. तुम्ही कधी आत डोकावलात?"

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर ही फळंसुद्धा तुमचीच झाली असती."

मास्तरांना फार लाज वाटली. तेवढ्यात बँकवाले आले, ताटाखालच्या रुमालाची शिवण निरखत म्हणाले, "वा मास्तर, रुमालावर हात तुमचाच!"

बायको त्यांच्याकडे बघत होती. मास्तर म्हणाले, "नाही हो. हिचा. तुमच्या अंगातल्या कोटावरचासुद्धा हिचाच."

बायकोने पदर सावरला. तिचे डोळे भरून आले होते. मास्तरांना एकदम हलकं वाटलं. "आणि झोपेत माझं बटण लावलंस ते? जाग कशी आली नाही मला!"

"कुठलं बटण?" ती म्हणाली. "बुधवारी फळ मी सकाळीच काढलं. दुपारभर तर इथे नाव नोंदवायच्या रांगेत उभी होते."

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. घरी येताच त्यांनी सगळ्यांत मोठं डाळिंब ताईच्या फोटोपुढे ठेवलं. मग बायको बघत नाही असं पाहून अस्तर उसवलेला आपला कोट हळूच शेजारच्या खुर्चीवर टाकला.