दुसऱ्या तारेची बढती

आत्या तिन्हीसांजेला गच्चीवर येऊन हाक मारायची. हाक खालून, पोटातून निघायची आणि तिचं शेवटचं अक्षर पायऱ्या न मोजता, धुरासारखं वळत वर जायचं. वर गेल्यावर क्षणभर तिथेच रेंगाळायचं. पोरं खेळ टाकून घरी पळायची ती त्या वळणामुळे. नुसत्या नावाला कोण जुमानतंय!

आत्या गेली. तिचा भाचा माहिती व मनोरंजन खात्याच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटारवर नोकरीला लागला आणि ते वळण तारेवर शोधत बसला. बोटाने तार ओढून ते नीट निघेना. शेवटी एका कारागिराकडून त्याने गिटारच्या पोटात खटका बसवून घेतला. गिटार खांद्यावरच्या पट्ट्याला टांगलेली, पट्टा खटक्याला जोडलेला. खांदा उचलला की पट्टा ताणला जायचा, खटका फिरायचा आणि दुसरी तार एक स्वर वर चढायची. खांदा खाली, तार खाली. वळण पहिल्यांदा निघालं तेव्हा गिटारवाल्याच्या तोंडून नकळत "आलो गं" निघून गेलं होतं.

खात्याच्या स्वागतगीतात, तिसऱ्या ओळीच्या शेवटी, तो हे वळण घ्यायचा. सगळ्या नोकरीत त्याचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच.

एके दिवशी अधीक्षक बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"पाहुण्यांचं स्वागत चालू असताना तुम्ही खांदे उडवता?"

"एकच उडवतो, बाई. त्याने तार वर जाते."

"वर म्हणजे कुठे?"

"नेमलेल्या स्वरापेक्षा एक स्वर वर."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे बढती देता. कोणाच्या अधिकारात?"

"क्षणभरच देतो हो. लगेच खाली आणतो."

"बढती देऊन लगेच पदावनती! तीही चौकशीशिवाय! आणि पहिली तार सेवाज्येष्ठ असताना दुसरीला?"

पहिल्या तारेचा आपण कधी विचारच केला नाही, हे उलट गिटारवाल्याच्या मनाला लागलं.

खात्याचे साहेब मात्र कलाप्रेमी. त्यांनी वळण बंद होऊ दिलं नाही. "कलेवर घाला नको," ते म्हणाले. "फक्त निर्णय योग्य पातळीवर व्हावा."

योग्य पातळी म्हणजे साहेब. खटका पट्ट्यापासून सोडवला गेला. त्याला सायकलच्या ब्रेकची लांबच लांब तार जोडून ती मंचावरून थेट पहिल्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीपर्यंत नेली. खुर्चीच्या हाताला ब्रेकची मूठ बसवली. गिटारवाल्याने वाजवायचं, साहेबांनी दाबायचं.

तालमीच्या दिवशी साहेब बैठकीत होते. मूठ बाईंच्या हाती आली, पण साहेबांच्या होकाराशिवाय बाई दाबेनात. शिपाई होकार आणायला गेला. तो परतला तेव्हा गाणं संपून ड्रमवाला डबा सोडत होता. बाईंनी मूठ दाबली. शांत खोलीत तार एकटीच वर जाऊन आली.

"पूर्तता झाली," बाई म्हणाल्या.

"अहो, पण गाणं संपल्यावर?"

"वर गेली ना? मग झालं तर!"

गिटारवाला कोणाशी भांडला नाही. ऐकणारे काही बहिरे नाहीत, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्याची सगळी भिस्त पहिल्या रांगेतल्या एका जुन्या श्रोत्यावर, काकांवर होती. वर्षानुवर्षं काका डोळे मिटून बसायचे आणि नेमक्या त्या वळणाला "वाऽ!" म्हणायचे, मग सभागृहात टाळ्यांचा पाऊस. आपण रसिक मंडळी नेहमी काकांच्या मागच्याच रांगांत बसतो. वार्षिक कार्यक्रमात काका गप्प राहिले की साहेब ओशाळतील, मूठ सोडतील आणि तार परत त्याच्या खांद्यावर येईल, असा त्याचा हिशेब.

कार्यक्रमात स्वागतगीत सुरू झालं. पहिल्याच ओळीला साहेब पाहुण्यांना नमस्कार करायला उठले आणि उठताना त्यांनी सगळा भार मुठीवर दिला. तार किंचाळत वर गेली.

"वाऽ!" डोळे मिटलेले काका म्हणाले.

सभागृह कडाडलं. साहेबांना वाटलं, टाळ्या आपल्याला. एका हाताने मूठ धरून ते सगळ्या रांगांना वाकून वाकून अभिवादन करू लागले. प्रत्येक वाकण्याला एक किंकाळी, प्रत्येक किंकाळीला काकांची एक "वाऽ!". तिसऱ्या ओळीच्या शेवटी साहेब दमून बसले होते. तिथे तार सरळ, निमूट वाजली.

गिटारवाल्याने काकांना जिन्यात गाठलं. "काका, तुम्हीसुद्धा? इतकी वर्षं नेमकी जागा ओळखत आलात तुम्ही!"

काकांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ओळखतोय कसला! मला सूर-बीर काही कळत नाही रे. आणि डोळे मी पुरते मिटतच नाही. तुझा खांदा उडाला की वा म्हणायचं, एवढंच माझं काम. आता साहेबांचा हात बघतो. शेजारीच असतो, मान वर करावी लागत नाही."

"आणि मागची एवढी माणसं?"

"ती माझ्याकडे बघतात."

"मग ऐकतं कोण?"

"ते आम्ही सगळ्यांनी तुझ्यावर सोडलं होतं, बाळा."