आरामात किंचित घट

माणसाची उंची त्याने स्वखुशीने सोडलेल्या सुखांवरून मोजावी, असे थोरांनी सांगून ठेवले आहे. (थोर लोक बहुधा पाठीने सुदृढ असावेत.) या मापाने पाहिले, तर वजनमापे खात्यातले निरीक्षक, ज्यांना अख्खे ऑफिस ‘मिलिमीटरसाहेब’ म्हणते, ते गेल्या वर्षापासून बरेच उंच झाले आहेत. त्यांची गाडी मात्र चार बोटे खाली आली आहे.

गाडी साधी, घरची. रोज ऑफिसला जायची आणि दर गुरुवारी आईला पाठीच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची. आई पुढच्या सीटवर बसून संत्रे सोलायची, प्रत्येक सिग्नलला एक फोड लेकाच्या तोंडात घालायची आणि एकेका नातेवाइकाचा समाचार घ्यायची. आठवड्यातला तो अर्धा तास साहेबांना फार आवडे. पण जिथे सुख आहे तिथे सुधारणेला वाव असतोच.

वर्षातून दोनदा साहेब तीच गाडी मोटारी पळवण्याच्या ट्रॅकवर नेत. तिथे शर्यत वगैरे नसते. ज्याने त्याने आपापली गाडी गोल गोल पळवायची आणि घरी यायचे. तिथे त्यांना वेगप्रेमी मंडळाचे अध्यक्ष भेटले. हे व्यवसायाने दंतवैद्य. साहेबांना बाजूला घेऊन, ठरलेले लग्न मोडल्याची बातमी सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, “राग मानू नका, पण तुमची गाडी वळणावर कलते हो.”

त्या दिवशी साहेबांना जेवण गेले नाही.

मंडळाची सस्पेन्शन (म्हणजे चाकांवरची धक्के झेलणारी यंत्रणा) निवडण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रथम सर्व सभासद गाडीभोवती जमतात. प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवून गाडी खाली दाबतो, ती वर येताना पाहतो आणि ‘हं’ म्हणतो. ‘हं’ एकमताने मंजूर झाल्यावर सुधारणांचा क्रम ठरतो: आधी टायर, मग स्प्रिंगा, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सर्वांत शेवटी चालक. (चालकापर्यंत अद्याप कोणी पोचलेले नाही.) वर्षातले दोन दिवस ट्रॅक आणि बाकी सगळे खड्डे, तर गाडी त्या दोन दिवसांसाठी का घडवायची, असे एका नवख्याने विचारले होते. अध्यक्षांनी उलट विचारले, “चांगल्या कपबश्या तुम्ही रोजच्यासाठी घेता का पाहुण्यांसाठी?” (नवख्याने नंतर सायकल घेतली.)

साहेबांनी महिनाभर माहितीपुस्तिका वाचल्या. प्रत्येकीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य होते: ‘आरामात किंचित घट संभवते.’ वास्तविक ‘किंचित’ फरकापायी साहेबांनी कित्येक दुकानदारांचे तराजू जप्त केले आहेत. पण किंचित हे तराजूखाली सापडले तर गुन्हा असते आणि गाडीखाली बसवले तर तंत्रज्ञान.

शेवटी त्यांनी सर्वांना न्याय देणारा, गाडी चार बोटे खाली बसवणारा स्प्रिंगा-शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा संच निवडला. त्यात प्रत्येक शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर एक गोल बटण होते. एकीकडे फिरवले की मऊ, दुसरीकडे फिरवले की कडक. पानासुद्धा लागत नाही, बोटे पुरतात.

“बघ आई, ट्रॅकवर कडक, गुरुवारी मऊ. तुला कळणारसुद्धा नाही.”

“तू म्हणतोस तर बसव बाबा,” आई म्हणाली.

अध्यक्षांनी स्वतः बटणे कडकवर लावून दिली आणि “थोडं जाणवेल,” असा व्यवसायाला साजेसा दिलासा दिला. ट्रॅकच्या एका फेरीत अर्धा सेकंद वाचला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. रोजच्या रस्त्यावर मात्र प्रत्येक गतिरोधक तिरका, एकेक चाक चढवत ओलांडावा लागल्याने ऑफिसला जातायेता वीस-वीस मिनिटे जास्त लागू लागली. एका दिवसाचा हा उशीर भरून काढण्यासाठी ट्रॅकवर केवळ चार हजार आठशे फेऱ्या पुरेशा आहेत.

गुरुवार आला. पहिल्याच खड्ड्यात संत्रे आईच्या हातून उडून मागच्या सीटवर पडले.

“आता रस्ता बोलतो, आई. ऐकू येतंय?”

“येतंय ना. शिव्या देतोय.” मग थोड्या वेळाने, “अरे, ते बटण फिरवणार होतास ना?”

“आत्ता कुठे जुळून आलंय गं ते. हलवलं की बिघडतं. आणि ट्रॅकचा दिवस जवळ आलाय.” (ट्रॅकचा दिवस पाच महिन्यांवर होता.)

आई कमरेवर हात ठेवून उतरली.

साहेबांनी प्रश्न मंडळापुढे मांडला. मंडळाने गाडी पुन्हा चारी कोपऱ्यांना दाबून पाहिली आणि निष्कर्ष काढला की गाडीत आता एकच न सुधारलेला भाग उरला आहे, तो म्हणजे आई. तिच्यासाठी कमरेचा पट्टा आणि स्पंजची उशी सुचवण्यात आली. साहेबांनी दोन्ही वस्तू उत्तम प्रतीच्या आणल्या. आईने त्यांच्यावरून कौतुकाने हात फिरवला, दोन्ही कपाटात ठेवल्या आणि पुढच्या गुरुवारी ती बसने गेली.

बस जुनी आहे. करकरते, डुलते आणि वळणावर तर अगदी लाज सोडून कलते. त्या सकाळी साहेब एका गतिरोधकावर तिरके अडकले होते, दोन चाके अलीकडे आणि दोन पलीकडे. मागून बस आली आणि डुलत डुलत निघून गेली. खिडकीत आई होती. शेजारच्या अनोळखी बाईच्या हातावर ती संत्र्याची फोड ठेवत होती आणि तोंड चालूच होते. लेक दिसताच तिने हसून हात हलवला.

साहेबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, बटणावर बोटे ठेवली. जोर लावायची गरजच नव्हती. पण आज फिरवले, तर इतके दिवस का नाही फिरवले, याचे उत्तर द्यावे लागणार होते. त्यांनी बॉनेट हळूच लावून टाकले. गाडी आजही वळणावर तसूभर कलत नाही, आणि पुढची सीट अगदी नव्यासारखी राहिली आहे.

वाचकांना हसू आले असेल, तर ते रास्तच आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ट्रॅक पाहिलेलाही नसेल. पण त्यांच्याही घरात असे एक बटण असते, कधीतरी कडकवर लावलेले आणि तसेच राहून गेलेले. ते फिरेल म्हणून घरातले कोणीतरी वाट पाहत असते. त्याला पाना लागत नाही, हात पुरतो. तो हात, खात्रीलायक वृत्तानुसार, या क्षणी पान उलटण्यात गुंतलेला आहे.