मेश्राम डॉक्टर आणि माझे कान

मेश्राम डॉक्टर भेटले की जय भीमच्या आधी विचारायचे, "सध्या कुठलं इंजेक्शन चालू आहे?" लग्नात विचारायचे, मयतीतही विचारायचे. इकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या आमच्या गल्लीतला सब्जीवाला त्यांना लांबून पाहूनच ठेला वळवायचा. "अम्मा, डाक्टर साहब आ रहे हैं. खाँसी भी नहीं है मुझे, फिर भी पकड़ेंगे."

ते रोग्यांचे डॉक्टर नव्हेत. औषधांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत उंदरांवर काम करायचे. मी चौथी शिकलेली. मला कळलं ते एवढंच, की काही जालीम औषधं रोग बरा करतात आणि कान घेऊन जातात. कानाच्या आतल्या बारीक पेशी मरायला लागल्या की त्यांतलं काहीतरी रक्तात उतरतं. ते वेळेवर सापडलं, तर औषध बदलून कान वाचवता येतील. "काकू, कान उशिरा बोंबलतो. रक्त आधी चुगली करतं," हे त्यांचं पालुपद. उंदरांचं रक्त चुगली करत होतं. माणसांचं अजून नीट जमत नव्हतं.

त्यांच्या बायकोच्या वेळी तर यातलं काहीच नव्हतं. सुमन कॅन्सरच्या औषधाने बहिरी झाली. कुकरची शिट्टी ऐकू येईना, तेव्हा घरात कळलं. पुढे ती बोलेनाशी झाली, आणि मग गेली. मूलबाळ नाही. माणूस चांगला, पण डोकं खाणारा.

मला टीबी झाला. साध्या औषधांना न जुमानणारा, इकडे 'बिगड़ी हुई' म्हणतात तसला. रोजची सुई सुरू झाली, तीही कानांवर उठणारी, आणि मेश्राम माझ्या दारात आले ते आलेच. दवाखान्यात कान अधूनमधून तपासायचे, पण यांना दम कुठला? रोज संध्याकाळी हजर. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, वळायचं नाही. ते मागे दारात उभे राहून कुजबुजणार, मी तेच म्हणून दाखवायचं.

"दोडका."

"दोडका. मला आवडत नाही."

"आवड कोण विचारतंय? कद्दू."

"कद्दू. मराठी विसरलात का?"

"बोलायला कोण आहे, काकू? वांगं."

"वांगं."

एके दिवशी त्यांच्या भाज्या संपल्या. मग अगदी हळू आलं, "सुमन, जेवलीस का?"

आता आली पंचाईत. ऐकू आलं नाही म्हणावं, तर काकूंचे कान गेले म्हणून हा माणूस सकाळीच रिक्षा घेऊन दारात उभा. म्हणून जसंच्या तसं म्हटलं, "सुमन, जेवलीस का?"

"पुढची भाजी," मी म्हटलं.

मागून कुजबुज येईना. माझे कान तर शाबूत होते. वळायचं नाही हा नियम त्यांचाच, तेव्हा मी भिंतीकडेच बघत बसले.