एका पायावरच्या कुसुमताई

रेशनच्या दुकानात रॉकेलची रांग लागली की आमच्या महाल पेठेतले बाकीचे लोक दोन पायांवर उभे राहत आणि कुसुमताई वानखेडे एका. साठीला टेकलेली बाई, हातात पत्र्याचा डबा आणि एक पाय गुडघ्यात वाकवून निवांत वर घेतलेला. एखादा नवखा विचारी, "बाई, पाय दुखून राहिला काय?"

"नाही गा. रिकामी उभी राहून काय करू? तू बी घे वर."

तो घ्यायचा, ही खरी गंमत. एकदा अर्धी रांग एका पायावर उभी राहिली. दुकानदाराला तो निषेधाचा नवा प्रकार वाटला आणि त्या दिवशी माप जरा बरं मिळालं.

ताई इस्पितळात रोग्यांना व्यायाम शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, व्यायाम मात्र झाला नाही. माणूस समोरून आला की त्या आधी त्याचे पाय बघत, मग चेहरा. लग्नाच्या वरातीत घोड्यावरचा नवरदेव पाहून त्यांनी त्याच्या बापाला सांगितलं होतं, "याचा सारा भार उजवीकडं हाय, लवकर उतरवा." बापाला राग आला. घोड्याला बहुधा पटलं असावं, कारण तो पुढे जाईना.

माझं छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चाळिशीत होते. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि काही महिन्यांनी डाव्या हातात पाणी साचून तो सुजला. इतका जड झाला की चालताना मी त्या बाजूला ओढली जायचे. अंगणात पडलेसुद्धा. मी हुडकेश्वरच्या शाळेत मास्तरीण. तिकडे तेव्हा शेतं होती, बस नव्हती, मी सायकलनं जायचे. सायकल सुटली की नोकरी सुटली, इतकं ते सरळ होतं. आमच्या यांनी एकदा राजीनाम्याचा विषय हळूच काढून पाहिला. मी ऐकूच न आल्यासारखं केलं, पण रात्रभर तोच शब्द डोक्यात फिरत राहिला.

माझा आजार मी शेजारी कोणाला सांगितला नव्हता. कुसुमताईंनी मला नळावरून येताना पाहिलं आणि त्या न बोलावता घरात आल्या.

"मास्तरीणबाई, हात काहून चोरून राहिली वं?"

मी सुजलेला हात सदा पदराखाली धरून चालायचे. त्यात बांगडी चढत नव्हती, आणि सवाष्णीचं मोकळं मनगट लोकांना दिसू नये, असं मला वाटे.

"हात लपवला तं तोल कोण सांभाळीन? चालताना तो झुलला पाहिजे. जमीन कुठी पळून नाही राहिली."

जमीन पळत नाही, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दिवसातून कितीदा ऐकावं लागे, ते विचारू नका.

पदर कमरेला खोचायचा, हा पहिला धडा. मग हाताला पट्टी बांधून व्यायाम. गोधडीची जाड घडी घालून तिच्यावर एका पायावर उभं राहायचं, तेही डोळे मिटून. घाबरायला सवड मिळू नये म्हणून त्या पाढे म्हणायला लावत. एकोणतिसाच्या पाढ्याला मी हमखास डगमगायचे. पायामुळे की पाढ्यामुळे, ते आजही सांगता येणार नाही. मग अंगणातल्या खडूच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायचं. शेजारणी बघायला जमल्या, तर ताईंनी त्यांनाही गोधडीवर चढवलं. धडधाकट बायका एकेक करून खाली आल्या आणि मी उभी राहिले. त्या दिवशी मला पदराची आठवणच झाली नाही.

सूज कमी झाली, पण गेली नाही. ती पुरती जाणार नाही, हे ताईंनी आधीच बजावलं होतं. तिच्यासकट मी सरळ चालू लागले.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी आम्ही सायकल मैदानावर नेली. पहिल्या वळणावर हँडल थरथरलं, पुढच्यावर नाही. फेरी पुरी करून मी ताईंपुढे ब्रेक लावला तेव्हा मी रडत होते आणि हसतही होते. नोकरी माझीच राहणार होती. ताई मात्र सायकलच्या कॅरिअरकडे बघत होत्या.

"मले मागं बसवशीन काय?" त्यांनी इतक्या हळू आवाजात विचारलं की मी बघतच राहिले.

ओझं घेऊन तोल राहतो का, ते बघायचं असेल, असं मला वाटलं. "पडलो तर, ताई?"

"पडू. दोघी."

त्या बसल्या आणि दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली. मैदानाबाहेर पडलो तेव्हा म्हणाल्या, "आमच्या गल्लीतून घे वं. हळू."

"तिकडं ओट्यांवर सगळे बसलेले असतात, ताई."

"म्हणून तं. इतके वर्षं मी त्यायच्या समोरून एकटीच येऊन-जाऊन राहिली. मले घेऊन जायला बी कोणी हाय, हे एक डाव दिसू दे त्यायले."

गल्लीतली माणसं बघत होती. ताई कोणाकडेच न बघता ताठ बसल्या होत्या. त्यांचं दार आलं, पण मी ब्रेक लावला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले, आणि पुन्हा सगळ्यांसमोरून त्यांना घेऊन आले.