पाचर, गाठ आणि कळ

लोकांना आजारांची धास्ती घालून पॉलिसी गळ्यात मारण्यात विमेवाल्यांचा हातखंडा होता. आज तेच डॉक्टरांसमोर कपाळ धरून बसले होते. आठवडाभर रोज दुपारी, ऑफिसात, त्यांच्या डोक्यात अशी कळ उठायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्यात मधुमेह, म्हणून बायकोही सोबत आली होती.

"कळ टाळूपासून निघते? आणि मिनिटभरात जाते?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

डॉक्टर खुलले. माणूस निष्णात, पण एक खोड होती. आजाराचं नाव रोग्याला नीट म्हणता आल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

"म्हणा, स्फेनो."

"स्फे... स्फेनो."

"शाबास! ग्रीक शब्द. म्हणजे पाचर."

विमेवाल्यांचा हात आपसूक डोक्यावर गेला.

"पॅलाटाईन. म्हणजे टाळूचं. हा मात्र लॅटिन, मध्येच घुसलाय."

"डॉक्टर, मी जगेन ना?"

"आधी शब्द पुरा होऊ द्या. गँग्लिऑन. म्हणजे गाठ."

"गाठ?" बायको किंचाळलीच. तेवढ्यात फोन वाजला आणि डॉक्टर शब्द अर्धा टाकून बाहेर गेले.

"अहो, तुमचा स्वतःचा विमा आहे ना?"

"तेवढा राहूनच गेला गं."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. "उठता-बसता तुमच्या खाण्यावरून बोलले मी. आता फक्त बरे व्हा, मी चकार शब्द काढणार नाही." विमेवाल्यांनाही हुंदका आला. मरायची भीती तर वाटत होतीच, पण इतकी माया पाहून ती दुप्पट झाली.

डॉक्टर परतले. "तर, न्यूरॅल्जिया. न्यूरॉन म्हणजे नस, अल्गोस म्हणजे वेदना. जोर 'रॅ'वर."

"न्यूरल्जिया."

"अंहं, जोर!"

"न्यूरॅल्जिया!" प्राण कंठाशी आणून विमेवाले ओरडले.

"गाठ कापावी लागेल का हो?" बायकोने कसंबसं विचारलं.

"छे! नसांची गाठ ती, सगळ्यांनाच असते. आईस्क्रीम घाईघाईने गिळलं की टाळू गारठते आणि तिथली नस बोंबलते. एवढंच! रोज दुपारी चोरून खाता की काय?"

विमेवाल्यांनी नकळत ओठ पुसले. बायकोने डोळे कोरडे केले आणि पदर कमरेला खोचला.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "खुशाल घरी जा."

विमेवाल्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

"डॉक्टर," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "आजची रात्र मला इथेच ठेवून घ्याल का?"